आधी शिकवणारे शिकले

ग्वाल्हेर दरबाराने १९१८ च्या जानेवारीत गाण्याचे सरकारी महाविद्यालय उघडले. पण त्याआधी पहिले धडे गिरवले ते तिथल्या शिक्षकांनीच. महाराज माधवराव शिंद्यांनी शहरातले निवडक गवई मुंबईला धाडले, कारण तिथे विष्णु नारायण भातखंडे हे वकिलीचे शिक्षण घेतलेले गृहस्थ स्वरलिपी आणि रागशास्त्र शिकवत होते. या गवयांत राजाभैया पूछवाले होते. जन्म १८८२ चा, म्हणजे वय पस्तिशीचे. शंकर पंडितांची तालीम झालेली, ग्वाल्हेरच्या गायकीत मुरलेला गळा. आणि शिकायचे कोणाकडे, तर ज्यांनी मैफल मारल्याचे कोणी ऐकले नव्हते अशा माणसाकडे.

आजच्या एखाद्या प्राध्यापकाला असे करायला सांगून पाहा. ‘रिफ्रेशर कोर्स’चे प्रमाणपत्र सेवापुस्तकात लागणार असेल तर तो जाईलही, पण शेवटच्या बाकावर बसून मोबाइल पाहील. राजाभैया गेले आणि शिकून आले. पुढे त्याच माधव संगीत महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. मुलांना ताना कशा बांधाव्यात हे कळावे म्हणून त्यांनी ‘तानमालिका’ लिहिली. १९५६ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते गेले.

ही गोष्ट गाण्याची म्हणून सांगितली जाते. मला ती शिकवण्याची वाटते. ती कुठे आठवावी, तर टोपी बाजारात.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात महाराज बाड्यावर उभे राहिले की भोवताली टाउन हॉल, पोस्ट ऑफिस, व्हिक्टोरिया मार्केट अशा संस्थानी इमारतींचे कडे दिसते आणि मधोमध जिवाजीराव शिंद्यांचा पुतळा. तिथून जे बोळ फुटतात त्यांतलाच एक टोपी बाजार. दोन्ही अंगांना दुकाने, मध्ये हातगाड्या, त्यांतून वाट काढणाऱ्या स्कूटरी. सणाच्या दिवसांत तर इथे आपले पाय आपल्या मर्जीने चालत नाहीत. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे छावणी टाकली, त्या छावणीचेच पुढे शहर झाले. म्हणून आसपासच्या वस्त्यांना अजून चिटणीस की गोठ, निंबाळकर की गोठ अशी नावे आहेत. मराठी आडनाव, मध्ये हिंदी ‘की’, आणि शेवटी छावणीच्या दिवसांतला शब्द.

अशा बाजारात काउंटरमागे उभी असलेली विशी-बाविशीची मुले-मुली पाहा. दुकान सकाळी उशिरा उघडते, पण बंद व्हायला रात्र होते. यांतले कितीतरी जण कागदोपत्री कॉलेजात असतात. मध्य प्रदेशात यासाठी एक खास वर्ग आहे: ‘स्वाध्यायी’ विद्यार्थी. आपल्याकडे ज्याला बहिस्थ म्हणतात तो. फॉर्म भरायचा, फी भरायची, परीक्षेच्या आधी कुंजी विकत आणायची आणि पेपर द्यायचा. वर्ग नाही, शिक्षक नाही, हजेरी नाही. पास झाला तर पदवीधर, नापास झाला तर पुन्हा फॉर्म. स्वतःचा स्वतः अभ्यास करणारा, असा या वर्गाचा मान. प्रत्यक्षात तो ज्याला कोणीच शिकवत नाही असा विद्यार्थी असतो.

या मुलांसाठी कॉलेज कसे असावे, हा प्रश्न अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज या नावाने शंभरावर वर्षे चर्चेत आहे. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात १९०१ साली पहिले सरकारी ज्युनिअर कॉलेज निघाले. घराजवळ, स्वस्तात, नोकरी सांभाळून शिकता यावे, दोन वर्षांनी मोठ्या विद्यापीठात जाता यावे किंवा हातात धंद्याचे शिक्षण घेऊन बाहेर पडता यावे, अशी ती कल्पना. भारतात पुदुच्चेरी आणि चेन्नईत १९९५-९६ च्या सुमारास तिचे बी रुजले. पुढे बाराव्या पंचवार्षिक योजनेत विद्यापीठ अनुदान आयोगाने कम्युनिटी कॉलेजांची योजनाच आणली. योजनेला पैसा मिळाला, अभ्यासक्रम मिळाले, उद्योगांशी करार मिळाले. शिकवणारा माणूस मात्र बहुतेक ठिकाणी तात्पुरताच राहिला.

जोलिएटचे कॉलेज निघाले त्याच १९०१ साली, मे महिन्यात, विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण दोन्हींच्या बुडाशी अडचण एकच होती: विद्या आहे, शिकू इच्छिणारे आहेत, आणि मध्ये दार बंद आहे.

ग्वाल्हेरात ते दार किती बंद होते, याच्या गोष्टी गवयांच्या घरोघरी आहेत. सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट हद्दू खाँ-हस्सू खाँची. बडे मोहंमद खाँ तान घेण्यात अद्वितीय, पण शिकवीत नसत. तेव्हा म्हणे दरबारानेच या दोघा भावांना पडद्याआड बसवले आणि कित्येक महिने चोरून ऐकून त्यांनी ती तान उचलली. खरीखोटी कशीही असो, गोष्ट टिकून राहिली, कारण ती त्या काळच्या शिक्षणपद्धतीचे नेमके वर्णन करते. शिकायचे असेल तर चोरा.

दुसरी गोष्ट बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती गळतीची गोष्ट आहे. कोल्हापूरकडचा हा पोरका मुलगा गाणे शिकण्यासाठी देशभर वणवणला. देवजीबुवा परांजप्यांकडे काही वर्षे राहिला. बुवा शिकवायला तयार होते, पण गुरुपत्नीला हे बिऱ्हाड नको होते, आणि तिच्या जाचामुळे शिक्षण मध्येच सुटले असे सांगतात. पुढे वासुदेवबुवा जोश्यांनी ग्वाल्हेरात आसरा दिला म्हणून तो गायक झाला, आणि ग्वाल्हेरचे ख्याल महाराष्ट्रात आले. बाळकृष्णबुवांच्या मिरज-इचलकरंजीच्या शिष्यांतूनच पलुसकर निघाले. आता विचार करा, ज्यांना दुसरे वासुदेवबुवा भेटले नाहीत असे किती असतील? त्यांची नावे कुठल्याही वंशावळीत नाहीत. गुरुकुलाचे गोडवे गाताना आपण पोहोचलेल्यांची संख्या मोजतो, वाटेत गळालेल्यांची नाही. आजच्या कॉलेजची निदान गळतीची टक्केवारी तरी निघते.

पलुसकरांनी लाहोरला या दुखण्यावर जे औषध काढले ते गाणाऱ्यांपेक्षा शिकवणाऱ्यांच्या कामाचे होते. त्यांच्या शाळेत ‘उपदेशक’ म्हणून एक वर्ग होता. या मुलांनी नऊ वर्षे राहण्याचा करार करायचा, जेवणखाण आणि शिक्षण फुकट, आणि पुढे गाणे शिकवायचे काम करायचे. आजच्या भाषेत हे शिक्षकांचे निवासी प्रशिक्षण, तेही शिष्यवृत्तीसह. याच वर्गातून निघालेल्यांनी गावोगाव गांधर्व महाविद्यालये काढली. पलुसकर १९३१ साली गेले. त्यांच्या मुंबईच्या शाळेची इमारत कर्जापायी लिलावात निघाली होती, म्हणजे संस्था बुडाली होती. पण तयार झालेली माणसे उरली होती. त्यांनीच त्याच वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले.

ग्वाल्हेरात शाळेचा विचार आधी आला तो कृष्णराव शंकर पंडितांच्या मनात. शंकर पंडितांचे हे चिरंजीव १८९३ साली जन्मले, आणि जेमतेम एकविसाव्या वर्षी, १९१४ साली, त्यांनी लश्करात गांधर्व महाविद्यालय काढले. वडील वारल्यावर १९१७ मध्ये त्याला वडिलांचे नाव दिले: शंकर गांधर्व महाविद्यालय. या घराचा इतिहास मोठा गमतीचा आहे. हद्दू-हस्सूंच्या घरातल्या नत्थू खाँचे वारस निसार हुसेन खाँ दरबारातली जागा गेल्यावर पंडितांच्याच घरी राहिले, आणि त्या ब्राह्मण घराच्या रीतीभातींत मिसळून गेले असे सांगतात. म्हणजे गुरू शिष्याच्या घरी राहायला आला. एरवी उलट असते.

कृष्णरावांनी ‘संगीत प्रवेश’सारखी पाठ्यपुस्तकेही लिहिली. १९७३ मध्ये पद्मभूषण झालेले, नव्वदी ओलांडूनही गाणारे हे बुवा म्हणजे मैफलीचे सिंह. पण त्यांनी नवशिक्यांसाठी पुस्तक लिहिण्याचा कंटाळा केला नाही, हे लक्षात ठेवावे असे मला वाटते. आपल्याकडे मोठा विद्वान पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवत नाही. पहिल्या वर्षावर नवख्याला सोडतात. गळती होते ती मात्र पहिल्या वर्षातच.

म्हणजे चार वर्षांच्या अंतराने, हाकेच्या अंतरावर, मराठी माणसांच्या पुढाकाराने दोन शाळा निघाल्या. एक घराण्याच्या पोटातून, दुसरी संस्थानच्या तिजोरीतून.

भातखंड्यांचे काम मुळातच वेगळे. हिंदुस्थानभर फिरून त्यांनी उस्तादांकडून शेकडो बंदिशी मिळवल्या, काही मिन्नतवारीने, काही पैसे देऊन. ग्वाल्हेरचे ख्याल त्यांत भरपूर. हा सगळा ऐवज ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्यांनी लावला. यातला ‘क्रमिक’ हा शब्द फुकट गेलेला नाही. आधी दहा थाटांचे दहा ओळखीचे राग, यमन, बिलावल, खमाज, भैरव, असे. मग हळूहळू अवघड आणि अनवट. प्रत्येक टप्प्यात आधी सरगम, मग लक्षणगीत, मग ख्याल. लक्षणगीत ही तर शिकवण्याची नामी युक्ती: रागाचे वादी-संवादी, आरोह-अवरोह, वर्ज्य स्वर हे सगळे नियम त्याच रागात बांधलेल्या गाण्याच्या शब्दांत. गाणे पाठ झाले की व्याकरणही पाठ झाले.

स्वरलिपीतही त्यांनी काटकसर केली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. संपले. पलुसकरांची लिपी याहून बारकाव्याची होती, आणि म्हणूनच ती मागे पडली असे मला वाटते. साधारण छापखान्यात जुळवता येते आणि साधारण मुलाला आठवड्याभरात वाचता येते, तीच लिपी देशभर जाते.

यावर उस्तादांचा राग होता, आणि तो निव्वळ मत्सराचा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत एका माणसाने छापून दोन-चार रुपयांना विकायला ठेवली होती. जानकी बखले यांनी भातखंडे आणि पलुसकर या दोघांवरच्या ‘टू मेन अँड म्युझिक’ या २००५ सालच्या ग्रंथात याची दुसरी बाजू मांडली आहे: संगीत शाळेत गेले, मध्यमवर्गाचे झाले, आणि ज्या मुसलमान घराण्यांनी ते जपले ती कडेला सरकली. ग्वाल्हेरात हे वाचताना अस्वस्थ व्हायला होते. हद्दू-हस्सू खाँच्या शहरात नव्या संगीतशिक्षणाची ठळक नावे पूछवाले आणि पंडित ही असतात. दार उघडले हे खरेच, पण आत मांडलेल्या खुर्च्यांवर कोण बसले हेही विचारायला हवे. नवे कॉलेज काढणाऱ्यांनी तर नक्कीच.

तरीही माझे मत भातखंड्यांच्या बाजूने पडते. सरासरी मुलाचा विचार करणारा तो पहिला माणूस. गुरूला सरासरी मुलगा नकोच असतो. त्याला एक नामवंत शिष्य मिळाला की तो कृतार्थ. महाविद्यालयाला असे करून चालत नाही. तिथे काउंटरवरून आलेला, उद्या कदाचित न येणारा, घरी तंबोरा नसलेला मुलगा समोर असतो, आणि त्याला वर्षअखेरीस काहीतरी आलेच पाहिजे. राजाभैयांची ‘तानमालिका’ याच मुलासाठी. ज्याला तान आपोआप सुचते त्याला या पुस्तकाची गरज नाही. ज्याला सुचत नाही, त्याला आधी दहा ताना लिहिलेल्या दिसाव्या लागतात, मग अकरावी सुचते.

या संगीतशाळांतून जी परीक्षापद्धती रुजली तिच्याकडे आता नव्या डोळ्यांनी पाहता येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सगळ्यात गाजलेली गोष्ट कुठली, तर एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, मग पदवी. कुठेही थांबा, पुन्हा या. मध्य प्रदेशाने हे धोरण २०२१ मध्ये घाईने लागू केले, महाराष्ट्राने थोड्या सबुरीने. वर्तमानपत्रांनी याला क्रांती म्हटले. आपल्या आळीतल्या कुठल्याही गाण्याच्या क्लासात जाऊन पाहा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. पोरगी प्रवेशिकेला असताना दहावी आडवी येते, ती थांबते. लग्न होते, मूल होते. पस्तिशीत ती मध्यमेला बसते आणि चाळिशीत विशारद होते. तिचे आधीचे श्रेयांक कोणी बुडवत नाही. हे गेली कित्येक दशके विनाबोभाट चालले आहे, आणि क्रेडिट बँक काढणाऱ्यांनी कधी गांधर्व मंडळाच्या माणसांना चहाला बोलावल्याचे माझ्या वाचनात नाही.

अर्थात या पद्धतीचे वाटोळेही याच पद्धतीने झाले. परीक्षेपुरते राग, रागापुरते आठ आलाप, आलापांची झेरॉक्स. परीक्षक दहा मिनिटांत एकेकाला निकाली काढतो. क्रमिक पुस्तक हे शिक्षकाच्या हातातले साधन होते. शिक्षक बाजूला झाला आणि पुस्तकच शिकवू लागले. टोपी बाजारातल्या स्वाध्यायी मुलाच्या हातातली कुंजी आणि संगीताच्या मुलाच्या हातातली ती झेरॉक्स, जातकुळी एकच.

न्यूयॉर्कमधून आलेला एक अनुभव इथे कामाचा आहे. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीच्या कम्युनिटी कॉलेजांत २००७ पासून ‘एसॅप’ नावाचा उपक्रम चालतो. मुलांनी पूर्ण वेळ नाव घालायचे. बदल्यात फीची तूट भरून मिळते, पुस्तके मिळतात, भुयारी रेल्वेचा पास मिळतो, आणि मुख्य म्हणजे एक सल्लागार मिळतो, ज्याच्याकडे मोजकेच विद्यार्थी असतात आणि ज्याला वारंवार भेटावेच लागते. २०१५ मध्ये एमडीआरसी या संस्थेने चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची तुलना छापली. उपक्रमातल्या मुलांपैकी तीन वर्षांत पदवी घेणारे ४० टक्के, बाहेरच्यांपैकी २२. पुढे ओहायो राज्यात तोच प्रयोग केला तेव्हाही फरक जवळपास तेवढाच आला. मुले दोन्ही गटांत सारखीच होती. त्यांची बुद्धी किंवा ‘मेहनतीची तयारी’ तीन वर्षांत दुप्पट झाली नव्हती. त्यांच्या मागे कोणीतरी उभे राहिले होते, आणि बसभाड्यावाचून त्यांचा दिवस बुडत नव्हता.

वासुदेवबुवांनी बाळकृष्णबुवांसाठी हेच केले होते. न्यूयॉर्कने त्याची कचेरी केली. घराण्याची माया संस्थेच्या नियमात बसवता येते, याचा हा पुरावा आहे, आणि तो स्वस्त नाही.

इकडे ग्वाल्हेरात काय चालले आहे? २००८ मध्ये राजा मानसिंह तोमर यांच्या नावाने संगीत आणि कलांचे विद्यापीठ निघाले. २०२३ मध्ये युनेस्कोने शहराला संगीताच्या सर्जनशील शहरांच्या यादीत घेतले, आणि त्याच डिसेंबरात तानसेन समारोहाच्या वेळी किल्ल्यावर हजाराहून अधिक तबलावादकांनी एकत्र वाजवून गिनेस विक्रम केला. एवढे हात एका लयीत बसतात ते सामायिक अभ्यासक्रमामुळे, हे मान्य. भातखंड्यांना ते पाहून बरे वाटले असते. पण विक्रमाच्या नोंदीत त्या हजारांना शिकवणाऱ्यांपैकी किती जण कायम नोकरीत आहेत, हा रकाना नसतो.

मध्य प्रदेशातल्या सरकारी कॉलेजांत वर्षानुवर्षे ‘अतिथी विद्वान’ शिकवतात. पदवी पुरेशी, अनुभव पुरेसा, नेमणूक मात्र पाहुण्याची. त्यांची आंदोलने भोपाळला नवी नाहीत. महाराष्ट्रात त्यालाच तासिका तत्त्व म्हणतात, आणि पुण्या-नागपुरात नेट-सेट झालेली माणसे दोन-तीन कॉलेजांच्या तासिका जोडून महिना भागवतात. या माणसांना शिकवता येत नाही असे नाही. पण तासिकेचे पैसे तासिकेलाच मिळतात. ती संपल्यावर दारात अडखळलेल्या मुलाशी बोलण्याची वीस मिनिटे कुठल्याच बिलात बसत नाहीत, आणि पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ठाऊक नसलेला माणूस त्या मुलाला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू शकत नाही. या माणसाला कोणी पगारी रजा देऊन शिकायला पाठवत नाही, कारण रजा कायम माणसाला असते.

माधवराव शिंद्यांना लोकशाहीची ओढ होती म्हणून त्यांनी गवयांना शिकायला धाडले असे समजायचे कारण नाही. ते संस्थानिक होते, हुकूम सोडायचे. पण हुकूम सोडण्याआधी त्यांना एवढे उमगले होते की नवा अभ्यासक्रम जुन्या गवयांच्या हाती नुसता देऊन भागत नाही, त्यांचे मुंबईचे जाणे-येणे आणि राहणे यांचा खर्च शाळेच्या खर्चातच धरावा लागतो. नवे शैक्षणिक धोरण लागू करताना आपल्याकडे शिक्षकांना काय मिळाले, तर ऑनलाइन वेबिनारची लिंक आणि उपस्थितीचे ई-प्रमाणपत्र.

एखाद्या प्राचार्याला खरेच काही करून पाहायचे असेल तर सुरुवात लहान आहे. टोपी बाजारासारख्या बाजारातली दुकाने उशिरा उघडतात. स्वाध्यायी मुलांसाठी सकाळी सात ते नऊ वर्ग भरवता येतो. त्यावर कॉलेजातला सगळ्यात मुरलेला शिक्षक नेमावा, सगळ्यात नवखा नव्हे. पंचवीस मुलांमागे एक माणूस असा ठेवावा की ज्याने मुलगा दोन दिवस आला नाही तर दुकानात फोन करावा, आणि त्या फोनच्या वेळेचेही त्याला पैसे द्यावेत. तासिकेवरच्या शिक्षकांना मे महिन्यातले चार आठवडे पगारी देऊन, आपल्या विषयातल्या जाणत्या माणसाकडे शिकायला पाठवावे. माणूस कॉलेजबाहेरचा असला, त्याच्याकडे पीएच.डी. नसली तरी चालेल. लेखापरीक्षक हरकत घेईल. त्याला दरबारचा १९१८ चा दाखला दाखवावा.